ग्रहणाच्या पोस्टरमधली बाई

"हे पोस्टर आहे की परीक्षेचा पेपर?"

त्याने पुढे केलेला चार पानी मजकूर बघून मी विचारलं. तो उल्हासनगरच्या आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात शिरला, तेव्हा मी पापडाच्या पाकिटांवर लाल रंग ओढत होते. कमर्शिअल आर्ट शिकून पापडाची पाकिटं!

त्याचं नाव चिंतामणी. अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट, आणि फावल्या वेळात विज्ञान मंडळाचं सगळं काही. त्या फेब्रुवारीत, १९८० साली, सूर्यग्रहण होतं. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तरी बाळाला काही होत नाही, हे त्याला लोकांना सांगायचं होतं.

"मग किती ठेवू?"

"एक ओळ."

"एकच?" चेहरा असा पडला त्याचा, की मी म्हटलं, "बरं... दोन."

अक्षरं तेव्हा ब्रशने काढायची. त्याचं काही नव्हतं. अडलं ते चित्रातल्या गरोदर बाईच्या मॉडेलपाशी. आमच्या वृंदावहिनीला सातवा महिना होता, पण तिने कानांवर हात ठेवले. शेवटी रविवारी चिंतामणीच दुकानात विळीवर बसला — पोटाला उशी बांधून, पुढ्यात दुधी घेऊन.

"हसू नका हो..."

"तुम्ही मिशी हलवू नका."

"मिशी काढताय चित्रात?"

"अहो, बाई आहे ती!"

हसता हसता मी बघत होते. भुवईवरचा बारीक व्रण, खाली झुकलेल्या पापण्या... पेन्सिल उगाचच हळू चालली होती.

पोस्टरं शहाडपासून कुळगावपर्यंत लागली. ग्रहण बघायला बदलापूर गावातल्या शाळेच्या मैदानावर सगळ्यांना बोलावणं होतं. मीही येते म्हणाले होते.

पण त्या दुपारी आईने खिडक्या लावल्या, वहिनीला आतल्या खोलीत निजवलं. "तू बाहेर हिंडणार आणि हिला काही झालं तर?"

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. पोस्टर काढणं सोपं होतं. वहिनीचा हात हातात घेतला, तो घामाने ओला होता. थोड्या वेळाने तीच कुजबुजली, "जा तू. वाट बघत असतील ते. मला काही होत नाही... तूच लिहिलंयस ना?"

बदलापूरला उतरले, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मैदानात चिंतामणी एकटाच, भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन कडुलिंबाखाली उभा.

"कोणीच आलं नाही," तो म्हणाला.

"मी कोणीच नाही?"

ऊन फिकं झालं होतं, हवा गार. पानांतून पडणारे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते — शेकडो कोरी, त्याच्या पांढऱ्या शर्टावर हलत होत्या.

"आईने पोस्टर पाहिलं," तो अडखळत म्हणाला. "म्हणाली, हा तर तूच! आणि... ज्या मुलीने काढलंय, तिने तुला फार निरखून पाहिलंय."

"कामच आहे ते माझं."

"नुसतं काम?"

झाडावरची पाखरंही चिडीचूप झाली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग... आईला पाठवू तुमच्याकडे?"

"ग्रहण सुटल्यावर."

घरी आईने मला दारातच अडवलं. "आधी अंघोळ!" मागच्या अंगणात मी मुकाट्याने गार पाणी अंगावर घेतलं — आणि हसू काही आवरेना.

"लागलंच बघ ग्रहण पोरीला," आई वैतागून म्हणाली.

वहिनीने धाडकन खिडकी उघडली. "लागू दे हो, आई!"