टाक्यावरची चौकट

“अहो, ती चौकट कुणाला विचारून उभी केली?”

स्कूटी धड स्टँडला न लावताच मी ओरडले. हातात उद्याच्या पूजेचा नारळ, आणि समोर माझ्या घराच्या लोखंडी सांगाड्यात दाराची चौकट ऐटीत उभी! पूजा व्हायच्या आधीच! शिक्षकांच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस नगरला काय गेले, तेवढ्यात या घोडेगावच्या फॅब्रिकेटरने घर स्वतःचंच समजलं होतं.

शिडीवरून एक सावळा, उंच माणूस सावकाश उतरला. भुवयांवर लोखंडाची धूळ होती, हसू मात्र स्वच्छ.

“तुमी मोनिका मॅडम व्हय? मी अंगद. फोनवर बोलल्तो.”

“मग फोनवर मी काय सांगितलं होतं?”

“आवो, नुसते चार टाके मारलेत. हातोडीच्या ठोक्यात निघतील. पक्कं वेल्डिंग उद्या, पूजा झाल्यावर.” मग हळूच... “आरडायचं बी ट्रेनिंग असतंय का?”

असा राग आला म्हणता! त्याहून जास्त राग याचा, की मला हसू येत होतं.

“आणि स्वयंपाकघराची खिडकी खाली का आली?”

“तुमच्या आईच म्हनल्या, भाकरी थापताना रस्ता दिसाय पाहिजे. लेक शाळेतनं येताना दिसती. म्हनून वीतभर खाली घेतली.”

“मला न विचारता?”

“तुमी हुता कुठं? पन... बरं झालं आलात.”

या घराने मला चिडायची सवयच लावली होती. मिरजगावातली आमची जागा काळ्या मातीची. विटांच्या भिंतींना दोनदा तडे गेले, म्हणून लोखंडी सांगाड्याचं घर ठरवलं. तर गाव म्हणतं, मास्तरीण गोडाऊन बांधतीया! उन्हाळ्यात भाजून निघतील म्हणे. अरे, राहणार आम्ही, तुमच्या पोटात का दुखतंय?

आणि सगळ्यांवर कडी केली सुरेखाकाकूने. चौकटपूजनाला काका आणि ती बसणार, विधवेचा हात चौकटीला लागायचा नाही! माझ्या आईने वडलांमागे एकटीने गाई सांभाळून मला शिकवलं, आणि तिनेच स्वतःच्या दारापासून लांब उभं राहायचं? “जाऊ दे मोने, तमाशा नको,” आई म्हणाली. आणि चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारी मी, मुकाट्याने नारळ आणायला गेले. लाज वाटत होती मला माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नवं लुगडं नेसून, हळदीची वाटी घेऊन पुढे झाली. आई लिंबाखाली उभी होती, पदर तोंडाशी धरून.

“थांबा काकू,” अंगद म्हणाला. “आमच्या कामाची एक रीत हाय. घर ज्याचं, पयला हात त्याचा. त्याबिगर मी मशीन चालू करत न्हाई.”

“असली कसली रे रीत?”

“माजी मीच लावलीया.” त्याने लिंबाकडे पाहिलं. “माजी आई बी एकटी हुती. तिला असंच लांब उभं केल्तं. मी बोललो न्हाई तवा... आता ती न्हाई.”

“मग दुसरा वेल्डर आणू!” काकू कडाडली.

माझ्या अंगाची आग झाली. परका माणूस बोलतोय, आणि पोटची मुलगी नारळ धरून उभी!

“कुणी येणार नाही. वाटी इकडे द्या, काकू.”

वाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली मी. आईला हाताला धरून आणलं. लाल रंग दिलेल्या लोखंडावर हळदीची पाच बोटं उमटली आणि आई हुंदका देऊन रडली. काकू फणकाऱ्याने निघून गेली. गेली तर गेली!

“डोळे मिटा सगळ्यांनी!” अंगद म्हणाला आणि ठिणग्या उडाल्या. सगळ्यांनी माना फिरवल्या. मी... नाही फिरवली.

संध्याकाळी वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग. ओट्यावर मी डोळे मिटून कण्हत बसलेली, तर हा बटाट्याचे गार काप घेऊन हजर.

“उघड्या डोळ्यांनी कशापायी बघितलं?”

“माझं घर आहे, मी बघेन!”

“घराकडं बघत हुता व्हय?”

त्याने अलगद दोन्ही डोळ्यांवर काप ठेवले.

“तुमचे डोळे मिटल्यात तवर बोलून घेतो... उघडल्यावर धीर व्हायचा न्हाई. काम संपलं का मी जानार. पन मला या दारातनं परत यायचंय. कायमचं. तुमी म्हनाल तर.”

आयुष्यातला एवढा मोठा क्षण, आणि मेलं काही दिसेना! मी चिडून हात पुढे केला. त्याने तो धरला.

“नुसते टाके चालायचे नाहीत,” मी म्हणाले.

“पक्कंच करतो,” तो म्हणाला.

आता आम्ही तिघं त्या घरात राहतो. पत्र्याखाली त्याने ऊन अडवणारी जाड गादी घातली, उन्हाळ्यात कुणी भाजलं नाही. आई खिडकीतून रस्ता बघत भाकरी थापते. परवा शाळेतून आले, तर अंगदने सगळी चौकट निळी रंगवून टाकलेली, फक्त आईची ती पाच बोटं तेवढी सोडून.

मला न विचारता! पण या वेळी मी ओरडले नाही.