कारंज्यावरचं नाव

ओरेस्ते लहानपणापासून असाच! चर्चमध्ये पहिल्या बाकावर हा, पण घंटेची दोरी ओढायला कधी नाही. नगराध्यक्ष झाल्यावर तर विचारूच नका. त्या ऑगस्टमध्ये त्याने चौकातल्या कारंज्याभोवती ताडपत्री बांधली आणि सांगून मोकळा झाला, "डोंगरातला झरा आटला. नाइलाज आहे."

चौक मुका झाला. आणि मागच्या गल्लीत झेफेरिनो आजोबा शेवटच्या घटका मोजत होते. चाळीस वर्षं त्यांनी कारंज्याचं शेवाळ घासलं. आमच्याकडे जाणाऱ्याच्या ओठांना कारंज्याचंच पाणी लावतात. बाटलीतलं पुढे केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"नोन्ना, आजोबा तहानलेलेच जाणार?" सुट्टीला आलेल्या माझ्या नातीने, तिझियानाने विचारलं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ नेवियो चिखलाच्या बुटांनी आत शिरला.

"कुठे लोळलास रे डुकरा?"

"लोळलो नाही! झऱ्याच्या वाटेवर घोट्यापर्यंत रुतलो!"

तिझियाना थबकली. "आटलेल्या झऱ्याला चिखल कसा?"

दोघं धावतच डोंगर चढली. झऱ्याच्या दगडी हौदात पाणी काठावरून वाया जात होतं आणि गावाकडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद!

"लाव जोर!"

"लावतोय! तू बोलू नकोस, ओढ!"

चाक करकरलं, फिरलं.

इकडे चौकात ताडपत्रीतून एक माणूस निथळत बाहेर पडला. हातात छिन्नी! "साहेब, पाणी कुणी सोडलं? आडनाव कोरायचं राहिलंय अजून!"

ताडपत्री कोसळली. चारही सिंहमुखांतून पाणी उसळत होतं. वर, जिथे आजवर फक्त गावात पाणी आणणाऱ्यांची नावं होती, तिथे ताजी अक्षरं: ओरेस्ते. दगड कोरडा हवा, म्हणून स्वारीने अख्खं गाव कोरडं ठेवलं होतं!

कुणी हसलं नाही. पोरं खाली आली. तिझियानाने तांब्याची घागर भरली आणि थेट आजोबांकडे नेली. दोन घोट घेतले त्यांनी. "गार आहे," म्हणाले. संध्याकाळी गेले.

"पोरांनो, गावाची लाज राखलीत," पाद्रीबाबा दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा रिवाजाप्रमाणे कारंज्यापाशी थांबली. टोपी हातात धरून ओरेस्ते माझ्याजवळ आला. "असुंता मावशी, ते नाव उद्याच घासून काढतो."

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हात लावू नकोस! वरची नावं पाणी आणणाऱ्यांची, तुझं पाणी अडवणाऱ्याचं. पोरांना वाचू दे. तुला घासायचंच आहे ना? मग उद्यापासून शेवाळ घास. झेफेरिनोची जागा रिकामी आहे."