सहावं बटण

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन.

मावशी बोटींचं वायरिंग करते. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी काम होतं एका जुन्या मासेमारी बोटीचं. बोट चार महिने पाण्याबाहेर होती, दुरुस्तीच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी. मालकाने ती नुकतीच विकत घेतली होती, आधी कोणाची होती ते त्याला धड ठाऊक नव्हतं.

इंजिनाच्या खोलीत एका फळीवर आठ ब्रेकर होते, वीज तोडणारी बटणं. खाऱ्या हवेने पार खाल्लेले. हिरवा गंज नुसता फुलून आला होता.

"बदलावेच लागतील का, ताई?" मालकाने वरून विचारलं.

"नको असेल तर नको. मग आग लागली की मला फोन करू नका."

मालक हसला. "बदला, बदला. मी तोवर चार्जिंगला टाकलेली बॅटरी घेऊन येतो."

तो गेला. आवार सामसूम झालं.

मावशीने एकेक ब्रेकर काढायला घेतला. पाच निघाले. सहावा हलेना. तळाशी साचलेलं पाणी उपसायचा जो पंप असतो, त्याचा तो ब्रेकर. मावशीने स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला...

घर्रर्र...

पंप सुरू झाला.

मावशीने हात मागे घेतला. आवाज थांबला.

बोटीवर बॅटरीच नव्हती.

तिने मीटर लावून पाहिला. शून्य. "माझेच कान वाजले," ती स्वतःशी म्हणाली, आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला.

"ते नका काढू..."

बाप्याचा आवाज. दमलेला. अगदी जवळून.

मावशीला वाटलं, मालक परत आला. मान वर न करताच ती म्हणाली, "अहो, हाच तर सगळ्यात सडलाय."

"पंप चालू ठेवा."

"बॅटरी नाही, काही नाही. चालू काय ठेवू, कपाळ?"

तिने स्क्रू ड्रायव्हर आणखी आत रेटला.

मग...

"पाणी वाढतंय हो."

आता मावशीने वर पाहिलं. डोक्यावरच्या उघड्या झाकणाच्या चौकोनात नुसतं आभाळ होतं.

ती धडपडत डेकवर आली. कोणी नव्हतं. उतरायला कडेला गेली, तर शिडी नाही! मालकाने जाताना ती काढून खाली जमिनीवर आडवी ठेवली होती. दीड पुरुष उंची. उडी मारली असती तर पाय मोडला असता.

म्हणजे वर कोणी चढलंच नव्हतं.

तिने हाका मारल्या. आवारात कोणी नाही.

आणि पायांखाली, फळ्यांच्या खाली, पाणी डुचमळायला लागलं. कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत... डुचुक... डुचुक...

दुसरी कोणी असती तर डेकवरच बसून रडली असती. मावशी खाली गेली. का गेली, ते तिला आजही सांगता येत नाही. "इतका दमला होता गं तो," एवढंच म्हणते.

गंजलेला ब्रेकर तिने हिसडून तोडला, नवा बसवला, वायरी कसल्या आणि बटण वर केलं.

"घ्या. केला चालू," ती मोठ्याने म्हणाली.

सगळं शांत झालं.

खरं तर काहीच चालू झालं नव्हतं. बॅटरी नव्हतीच. मावशी धडधडीत खोटं बोलली होती.

अर्ध्या तासाने मालक आला. मावशी पांढरीफटक.

"शिडी का काढलीत?"

"वाऱ्याने पडेल म्हणून... काय झालं, ताई?"

"आधी बॅटरी जोडा. पंप चालवायचाय."

"कोरडा? जळेल ना तो!"

"जळू दे. मी नवा देते."

बॅटरी जोडली. पंप घरघरला. दोघं खाली उतरून बोटीच्या बाजूला उभी राहिली. जिथून उपसलेलं पाणी बाहेर पडतं, त्या भोकाकडे बघत.

आधी हवा आली.

मग पाणी आलं.

बदाबदा. जमिनीवर ओहळ झाला. मालक टॉर्च घेऊन वर चढला, तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या... आणि खाली आला.

"किती आहे?" मावशीने विचारलं.

"थेंब नाही. धूळ आहे."

पाणी येतच होतं. ना ती बटण बंद करायला गेली, ना तो. दोघंही तिथेच उभी. ऊन कललं, दिवे लागले. पंपाचा आवाज हळूहळू बसत गेला आणि थांबला.

मावशीने ती बोट नंतर पुन्हा पाहिली नाही. पण अजूनही जेवताना मध्येच तिचा घास हातात राहतो.

"आम्ही बंद नाही केला गं," ती म्हणते. "बॅटरी संपली. पण त्याला ते कुठे माहीत?"