मखमलची सकाळची बाटली

"अरे शीळ घाल ना! नुसता काय ओठांचा चंबू करून उभा राहिलायस!"

"घालतोय गं! हसू आलं की हवाच निसटते!"

टिकलीने डोळे वटारले. तिच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बांधलेला स्वच्छ डाव आणि डावाच्या वर मखमल. रपेटीच्या शाळेतली ही म्हातारी घोडी. टिकलीसकट कितीतरी मुलांना तिने पाठीवर बसायला शिकवलं होतं, आणि एकालाही कधी पाडलं नव्हतं! घोडीने लघवी करावी म्हणून हळू, लांब शीळ घालायची, ही घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांची रीत. शीळ घालायचं काम टिकलीच्या मावसभावाकडे होतं. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत.

"ही शीळ नाही, कुकरची शिट्टी आहे," टिकलीचा धाकटा भाऊ गुंड्या म्हणाला.

मोतद्दारकाका मिशीत हसले. त्यांनी स्वतःच एक शीळ घातली. लांब, झोपाळू.

मखमलने पाय फाकवले.

"आली! आली! डाव पुढे!"

पण थांबा. सुट्टीच्या दिवशी, भल्या सकाळी, ही तिघं घोडीखाली डाव का धरून बसली होती? त्यासाठी एक दिवस मागे जायला हवं.

*

काल. बुधवार. मावशीची प्रयोगशाळा. जनावरांच्या तपासण्या इथे होत. मावशी म्हणजे शंकासुराची आई. आलेल्या बाटल्यांवर नंबर चिकटवायचं काम सुट्टीपुरतं टिकलीकडे होतं.

"शी! घोड्याची शू!" गुंड्याने नाक दाबलं.

"तुला शू दिसते, मला मखमलच्या किडन्या दिसतात," मावशी म्हणाली. "पायाच्या दुखण्यावर तिला सहा आठवडे रोज औषध चालू आहे. त्या औषधाने किडनीला इजा होऊ शकते. झाली, तर किडनीच्या पेशींमधलं एक एन्झाइम लघवीत उतरतं. भिंत ढासळायच्या आधी चुना पडतो ना, तसं!"

"आणि ते दिसतं कसं?"

"मी त्यात एक रसायन घालते. एन्झाइम ते कातरतं आणि पिवळा रंग सुटतो. रंग किती भराभर चढतो, ते हे यंत्र मोजतं."

"पण आई, घोडी पाणी जास्त प्यायली तर लघवी पातळ होणार. मग एन्झाइम कमीच दिसणार!" शंकासुर.

"म्हणून मी क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती पातळ आहे ते सांगणारा पदार्थ, तोही मोजते आणि भागाकार करते. आहे अजून शंका?"

"आहेत. पण जेवणानंतर."

मखमलचा अहवाल पुन्हा 'उत्तम' आला. टिकलीला मात्र पटेना. मखमल रोज तीन बादल्या पाणी प्यायची, आता पाच पीत होती. चारा तसाच पडून राहायचा. तिने मखमलला औषध देणाऱ्या डॉक्टरकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ऊन आहे, तहान लागणारच. अहवाल चांगला आहे. शनिवारपासून औषध दुप्पट करू, म्हणजे पाय बरा होईल."

दुप्पट!

त्याच संध्याकाळी तबेल्याचे मुकादम आणखी एक बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून गेले. टिकलीने ती उचलली. आत काहीतरी टकटक वाजलं.

बर्फाचा खडा!

बाटलीवर तारीख आजची. बाटलीच्या खोक्यावर मावशीच्या ठळक अक्षरात: फ्रीजमध्ये ठेवा. गोठवू नका. त्याच दिवशी आणा.

"आजची बाटली आज कशी गोठेल?" शंकासुराची ही शंका मात्र सोन्याची होती!

तिघं तबेल्याकडे पळाली. घोड्यांच्या पायांना लावायला बर्फ लागतो, तो गोठवायची मोठी पेटी मुकादमांच्या खोलीत होती. गुंड्याने झाकण उचललं. बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये मखमलच्या चार बाटल्या. दगडासारख्या कडक!

*

म्हणून गुरुवारी डाव, काठी आणि शीळ. एकाच धारेची लघवी दोन बाटल्यांत भरली. 'अ' बर्फाच्या पेटीत. 'ब' साध्या फ्रीजमध्ये. शुक्रवारी 'अ' वितळवून दोन्ही मावशीच्या टेबलावर.

"कोणाच्या आहेत?"

"ते नंतर. आधी मोज ना, मावशी!"

यंत्र घुरघुरलं. 'अ'चा रंग गोगलगायीसारखा चढला. 'ब'चा... मावशी खुर्चीतून उठलीच.

"'अ' ठीक आहे. पण 'ब' हवं त्याच्या चौपट! या घोड्याच्या किडन्या धोक्यात आहेत! कुठला घोडा हा?"

"दोन्ही मखमलच्या! एकाच डावातल्या!" तिघं एका सुरात ओरडली.

मावशीने 'अ'ची बाटली हातात घेतली. "गोठवलं की या एन्झाइमचं बळ जातं रे... म्हणजे सहा आठवडे मी मेलेलं एन्झाइम मोजत बसले! बाटली आली कुठून, कशी, हे एकदाही विचारलं नाही."

तिने डॉक्टरांना फोन लावला. औषध त्याच दिवशी बंद झालं, सलाईन सुरू झालं.

तबेल्यात विचारल्यावर मुकादमांनी मान खाली घातली. "रोज ताजी बाटली भरून घ्यायचा कंटाळा. वाटलं, बर्फात काय बिघडतंय? एकदम तीन-चार भरून ठेवायचो आणि नेताना एकेकीवर त्या दिवसाची तारीख टाकायचो."

मोतद्दारकाका मखमलच्या मानेवर हात फिरवत राहिले. टिकलीने आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

*

तीन आठवडे. दर दोन दिवसांनी ताजी बाटली, मुकादम स्वतः सायकल हाणत आणत. आकडा उतरत गेला. चौपट, अडीचपट, दीडपट...

आकडा जागेवर आला त्या दिवशी डॉक्टरकाका तबेल्यात आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी कागदावर विश्वास ठेवला, घोडीकडे पाहिलंच नाही. या पोरांनी पाहिलं. शाब्बास! हे माझ्याकडून प्रशस्तिपत्र. तिघांच्या नावाने, सही-शिक्क्यासह!"

टाळ्या वाजल्या. टिकलीने कागद ऐटीत उंच धरला.

फर्र!

मखमलने मान लांब करून अर्धं प्रशस्तिपत्र तोंडात घातलं होतं.

"अगं, शिक्का खाल्लास!" गुंड्या किंचाळला.

"खाऊ दे! खाऊ दे तिला!" मोतद्दारकाका डोळे पुसत हसले. "महिनाभरात पहिल्यांदा आपणहून तोंड घातलंय कशात तरी!"

टिकलीने उरलेला अर्धा कागदही तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला.