खोक्याचं तिकीट

सोमवारी सकाळी अमरावती–अकोला एसटी राजापेठेत थांबते, तेव्हा खिडकीची जागा मिळायला नशीबच लागतं. त्या दिवशी एक खिडकी रिकामी दिसली आणि जुईली धक्के खात तिथवर पोचली, तर काय! खिडकीत ऐटीत बसलं होतं एक निळं खोकं. शेजारच्या तरुणाने त्यावर हात ठेवला होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“हे जरा खाली ठेवता का?”

“नाही जमत, मॅडम. तिकीट काढलंय त्याचं.” त्याने खरंच दोन तिकिटं दाखवली. “चाळीस जणांचं रक्त आहे आत. गचके सोसत नाहीत त्याले.”

जुईलीला हसू आवरेना. ती अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात तापाच्या वॉर्डात डॉक्टर, वर विद्यार्थ्यांना शिकवणारी. आणि तिचीच जागा रक्ताने अडवावी! तो उठला, तिला आपली जागा दिली आणि मूर्तिजापूरपर्यंत उभा राहिला. हात मात्र खोक्यावरच होता, त्यामुळे दर वळणावर त्याची बाही तिच्या कपाळाला लागायची. बाहेर पावसाने धुतलेली कपाशी मागे पळत होती… आणि जुईलीला गाडी हळू चालावीशी वाटत होती.

त्याचं नाव नितेश. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागाईतदाराचा मुलगा, आणि तिच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये संशोधक. पावसाळ्यात बागांतलं गवत वाढलं की त्यातला एक बारीक किडा चावतो आणि माणूस तापाने फणफणतो. त्याच तापाच्या मागे नितेश लागला होता. दर रविवारी गावाकडं नमुने घ्यायचे, सोमवारी अकोल्याला आणायचे.

मग काय, दर सोमवारी तीच गाडी. फोनवर सांगता येतील असे रिपोर्ट घेऊन तो स्वतः वॉर्डात यायला लागला. एकदा तर तिच्या विद्यार्थ्यांना त्यानेच शिकवलं. किडा चावतो तिथं विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो, पण तो दुखत नाही, म्हणून रोग्यालाही ठाऊक नसतो. आणि हमखास राहून जातो तो कमरेच्या करदोड्याखालचा. “आमच्याकडं करदोडा माणूस गेल्यावरच उतरवतात,” तो म्हणाला, “म्हणून कोणी हात लावू देत नाही. उतरवू नका. नुसता सरकवा.” विद्यार्थी लिहून घेत होते आणि त्यांच्या बाई त्याच्याकडं बघत होत्या.

तेवढ्यात वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजचं पत्र आलं. अशाच तापांचं वर्षभराचं प्रशिक्षण, जुईली कधीची वाट बघत होती. बातमी ऐकून नितेश म्हणाला, “अभिनंदन, मॅडम.” बस्स. दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट फोनवर. पुढच्या सोमवारी खोकं नाही, तोही नाही. जुईलीला असा राग आला, असा राग आला, की खिडकीची जागा मिळूनही ती मूर्तिजापूरपर्यंत बाहेर बघायची विसरली.

लॅबमधल्या मैनाबाईंनी शेवटी तोंड उघडलं. पोरगा सहा दिवस तापात आहे, म्हणाल्या, साध्या गोळ्या खाऊन खोलीवर पडलाय.

तासाभरात तो तिच्या वॉर्डात होता, लालभडक डोळ्यांचा. जुईलीने संशयावरच औषध सुरू केलं, मग डाग शोधायला लागली. कानामागे नाही, काखेत नाही. कमरेशी हात गेला तसा त्याने करदोडा मुठीत धरला. विद्यार्थ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. तिने त्यांना बाहेर पाठवलं. वॉर्डातल्या मायासिस्टर पडदा ओढून उभ्या राहिल्या.

“वर्गाला शिकवलंत. आणि स्वतःचं काय?”

“आईनं बांधलाय तो.”

“उतरवत नाही. सरकवते…”

त्याने मूठ सोडली. दोऱ्याखाली काळा डाग होता, अगदी त्याने वर्णन केला होता तसा. जुईलीने करदोडा परत जागेवर सरकवला.

“पहिल्याच दिवशी काहून नाही आलात?” रागाच्या भरात तिच्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

“तुमीच तपासलं असतं मले, अन् मनातलं तोंडून निघून गेलं असतं.” तो भिंतीकडं बघत म्हणाला. “जाऊ नका म्हणनं चुकीचं. अन् खुशाल जा म्हणनं… मले जमून नव्हतं राहिलं. तुमी लय आवडता मले.”

पडद्याशी सिस्टर खोकल्या.

“मी घाबरले, नितेश,” जुईली हळूच म्हणाली. “डॉक्टर घाबरतो तशी नाही.”

दोन दिवसांत ताप उतरला. तिचा मात्र चढतच गेला, त्यावर कसली गोळी!

आणि मग तो सोमवार आला. अकोल्याहून तिची दक्षिणेची गाडी होती. राजापेठेत सामान घेऊन ती बसमध्ये चढली. नितेश होता, जरा वाळलेला, आणि खिडकी रिकामी होती. निळं खोकं त्याच्या मांडीवर होतं.

कंडक्टर नेहमीचाच. “एक तुमचं, एक खोक्याचं?”

“एक माझं, एक यांचं. खोकं आता मांडीवर.”

जुईली खिडकीत बसली. बडनेरा मागे पडल्यावर तिने विचारलं, “आणि पुढच्या सोमवारी?”

“दोन तिकिटं काढीन. तुमची जागा रिकामी ठेवीन.”

“वर्षभर? खोकं धरून हात भरून येतील.”

“येऊ द्या,” तो म्हणाला.

तिने खोक्याची एक कडी आपल्या हातात घेतली आणि अकोला येईपर्यंत सोडली नाही.