भरतीच्या आधी कुणाला विचारायचं?

उघाडीचं दार खाली आलं, क्षणभर थांबलं आणि परत आपोआप वर सरकू लागलं.

शाल्मलीने टॅबवरची 'बंद'ची कळ पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"नाना, समोर भरती येतेय. याला दिसत नाही का?"

खाडीकाठच्या बांधात जे दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला ते मिटतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. पूर्वी तिथे लाकडी झडप असे. आता पोलादी दार होतं. ते चालवणारी आज्ञावली (यंत्राने केव्हा काय करायचं याच्या लिहिलेल्या सूचना) मुक्तस्रोत होती, म्हणजे कुणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी. अशा खाड्यांकाठची माणसं जगभरातून ती मिळून लिहीत. शाल्मलीचे आजोबा, भरती-ओहोटीचे अभ्यासक नाना म्हात्रे, त्यांच्यापैकीच एक.

आज अमावास्येचं उधाण होतं आणि भाताची लावणी नुकतीच झाली होती. खारं पाणी खाचरात शिरलं असतं, तर रोपं जळली असती आणि पुढची काही वर्षं जमीनही गेली असती.

खाली बाबा मातीच्या गोण्या रचत होते. "नाना, काय म्हणतंय तुमचं जगभरचं मंडळ? आमच्या लाकडी झडपेला कुणाला विचारायला लागत नव्हतं."

"वीज तोडूया?" शाल्मलीने विचारलं.

"नको. वीज गेली की दार आपोआप वर जातं आणि उघडंच राहतं. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून तशी सोय केलीय." नानांनी फोन पाहिला. "लानला निरोप पाठवलाय. आज्ञावलीतला दार हलवण्याचा भाग तिनेच लिहिलाय."

लान व्हिएतनाममध्ये होती. उत्तर आलं नव्हतं.

"एकट्या लानलाच का विचारलं?"

नाना चष्मा पुसू लागले. "निम्मी आज्ञावली मी लिहिलीय, शालू. दार का उघडतं, असं मीच चारचौघांत विचारू?"

शाल्मलीने त्यांचा टॅब घेतला आणि 'गप्पा' उघडल्या. तिथे सगळे एकमेकांशी बोलत, आणि यंत्र ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत दाखवी. तिने लिहिलं, "आमचं दार आपोआप उघडतंय. मदत करा." कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. शाल्मलीचा निरोप शुभेच्छांच्या गर्दीत वर सरकला आणि दिसेनासा झाला. मग तिने 'हाक' दिली. हाक दिली की सगळ्यांचे फोन वाजायला हवेत. कुणीच उचललं नाही.

"मागे कुणीतरी हाकेवरून वाढदिवस साजरा केला," नाना म्हणाले. "तेव्हापासून सगळ्यांनी तिचा आवाज बंद करून ठेवलाय."

"मग राहिला फळा."

फळा म्हणजे आज्ञावलीबद्दलच्या प्रश्नांची खुली जागा. एक प्रश्न, त्याच्याखाली त्याचीच उत्तरं. ती पुसली जात नाहीत, आणि शोधली तर कुणालाही सापडतात. शाल्मलीने शोधलं. दार आपोआप उघडण्याबद्दल तिथे काहीच नव्हतं.

"म्हणजे हे कुणाकडेच झालं नाही?"

"झालं असेल. लिहिलं नसेल."

पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं. शाल्मलीने टॅब त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही लिहा. तुम्हाला नेमकं लिहिता येतं."

नानांनी लिहिलं: काय होतंय, आज्ञावलीची कोणती आवृत्ती आहे, काय काय करून पाहिलं, पाणी कुठवर आलंय. खाली नाव घातलं. बोट 'पाठवा'वर अडून राहिलं.

"नाना, पाणी."

त्यांनी दाबलं.

उत्तर बांगलादेशातून आलं, शिरीन नावाच्या बाईंचं. "बाहेरचा पाणीमापक काय दाखवतोय?"

शाल्मलीने पाहिलं. "बाहेर पाणी आतल्यापेक्षा कमी आहे म्हणतोय! पण समोर तर..."

"मापकाच्या नळीत कालवांचे शिंपले वाढले असणार," शिरीनने लिहिलं. "तोंड बुजलं की आकडा अडकतो. आज्ञावलीला ओहोटीच वाटते, म्हणून ती दार उघडते. तो मापक बंद करा आणि दार भरतीच्या वेळापत्रकावर चालवा. मला हे लानने उन्हाळ्यात सांगितलं होतं, खाजगीत."

शाल्मलीने तसं केलं. दार खाली आलं आणि खालीच राहिलं. बाहेर पाणी चढत गेलं. फटीतून झिरपलेलं थोडं गोण्यांनी अडवलं.

"धरलं, नाना," बाबा खालून म्हणाले.

शाल्मलीने शिरीनचं उत्तर पुन्हा वाचलं. "उत्तर होतं तर."

"होतं. मलाही लाज वाटली, शिरीनलाही वाटली असेल. ज्याने त्याने लानला कानात विचारलं आणि तिने कानातच सांगितलं. आज्ञावली एवढी उघडी ठेवली आम्ही, आणि बोलणं मात्र झाकून." नाना म्हणाले. "गप्पा वाहून गेल्या तरी चालतात. हाक फक्त संकटासाठी राखायची, नाहीतर कान बंद होतात. उद्या दुसऱ्या कुणाला लागेल ते फळ्यावर. हे पहिल्याच पानावर लिहायला हवं. पाणी चढत असताना माणूस जागा शोधत बसणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. लानचा निरोप होता, एकट्या नानांना. "माफ करा, नावेवर होते. दाराचं कारण मला माहीत आहे. सांगू?"

नानांनी लिहिलं, "सांग, पण फळ्यावर. माझा प्रश्न तिथे आहे."

शाल्मलीने फळा उघडला. लानच्या आधीच तिथे एक अनोळखी माणूस येऊन गेला होता. तो दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा होता. त्याच्याही भातशेताला समुद्राचा बांध होता.

"आमची भरती अजून यायची आहे," त्याने लिहिलं होतं. "नळी साफ करायला निघालो."