टोपीखालचा पल्ला

पडद्यावर: ६००

चाकणच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनची गाडी फिरत्या रुळांवर जागच्या जागी पळत होती. टाकी पूर्ण भरलेली.

"हा पल्लादर्शक थापा मारतो," फिरोज मुकादम म्हणाला.

"थापा नाहीत." नीरजा दाबकेने ते यंत्र घडवलं होतं, फिरोज तिचा सहकारी. "भरल्या टाकीवर गाडी किती जाईल हे चालकाच्या पायावर ठरतं. आणि पाय आकड्यावर. आकडा कमी दिसला की पाय हलका पडतो, गाडी लांब जाते."

"मग शून्यच दाखव की!"

"मग तो परत फिरेल, शहाण्या. म्हणून यंत्र असा आकडा शोधतं, जो वाचून हा चालक जास्तीत जास्त लांब जाईल."

"आणि कोणी बघतच नसेल तर?"

पडद्याच्या चौकटीतला दृष्टिशोधक चालकाच्या डोळ्यांवर रोखलेला होता. "तर खोटं कोणासाठी बोलायचं? मग साधा हिशोब. खरा आकडा."

इंधनाचा काटा त्यांनी काढूनच टाकला होता. दोन आकडे दिसले की चालक गोंधळतो.

पडद्यावर: १२४

लडाखचं पठार. चाचणीचा शेवटचा टप्पा. गाडी नीरजा चालवत होती.

मागे साठ किलोमीटरवर, दरीत, लष्कराची चौकी. तिथे डॉक्टर होता. पण तिथून जाताना फिरोजचं फक्त डोकं दुखत होतं आणि त्याने ते सांगितलं नव्हतं. आता त्याचे ओठ निळे पडले होते. विरळ हवेमुळे फुफ्फुसात पाणी. उपाय एकच, खाली उतरणं. पुढे एकशे दहा किलोमीटरवर सखल भागात शहर होतं, मोठं रुग्णालय होतं.

एकशे चोवीस. पुरतं. हीटर बंद ठेवून, हळू गेलं तर.

"दाब ना," फिरोज धापा टाकत म्हणाला. "तो कमीच दाखवतो. तुला घाबरवायला."

तसं असेल तर वेग वाढवता येईल. तसं नसेल तर—

नीरजाने फोनचा कॅमेरा चालू केला, फोन पडद्यासमोर अडकवला आणि दोन्हींवर आपली लोकरी टोपी चढवली. वळण संपल्यावर फोन बाहेर काढून चित्रण पाहिलं.

टोपीखाली: ७८

यंत्राने तिला घाबरवलं नव्हतं. धीर दिला होता. अठ्ठ्याहत्तर दिसले असते तर ती मागे फिरली असती. एकशे चोवीस पाहून ती पुढे निघाली. गाडी जास्तीत जास्त लांब जावी, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. कुठे पोहोचावं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"किती?" फिरोजने विचारलं.

घाबरला की तो भराभर श्वास घेई.

"दोनशे."

"वा." त्याने डोळे मिटले. "मग हीटर लाव. गारठलोय."

तिचा हात बटणाकडे गेला. थांबला. मग तिने बटण दाबलं.

"बंद कर," डोळे न उघडता तो म्हणाला. "दोनशे असते तर बटण लगेच वाजलं असतं. तूही पल्लादर्शक झालीस की काय?"

तिने हीटर बंद केला. रस्ता रुंद झाला तिथे गाडी वळवली.

पडद्यावर: टोपी

"चौकीपर्यंत पुरेल?"

"टोपी काढू? बघतोस?"

"नको. तूच सांग."

"अठरा जास्तीचे आहेत."

"खरं?"

नीरजाने हात न थांबवता हीटर लावला.